चौकटीचा दगड

ही घटना विसरावी म्हणून मी बरीच खटपट केली. त्यामुळेच असेल, ती वारानिशी लक्षात राहिली. बुधवारी खबर, गुरुवारी खुलासा, शनिवारी विमान.

पोलीस खात्यात मी सव्वीस वर्षं काढली. उपनिरीक्षक म्हणून लागलो आणि निरीक्षक असताना स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगी आणि जावई दुबई सिलिकॉन ओएसिसला राहतात. जावयाच्या ओळखीने मला अबुधाबीजवळ मुसफ्फ्याला एका फॅब्रिकेशन कंपनीच्या लेबर कॅम्पात सिक्युरिटी इन्चार्जची जागा मिळाली. म्हणजे ही केस खात्यातली नाही, निवृत्तीनंतरची आहे. पण तिचं मूळ माझ्या पहिल्या पोस्टिंगमध्ये होतं. ते मला फार उशिरा कळलं.

कॅम्पात सहाशे माणसं होती. एका खोलीत सहा, तीन दुमजली खाटा. माझं काम सोपं. गेटचं रजिस्टर, खोल्यांची तपासणी, हरवलं-सापडलं, भांडणं. भांडणं बहुतेक मोबाईल चार्ज करायच्या प्लगवरून. पहिल्याच आठवड्यात मी रजिस्टरला स्टेशन डायरीसारख्या वेळेच्या नोंदी चालू केल्या. मॅनेजर खूश झाला. मॅनेजर आपल्याकडचाच, पण दक्षिणेतला. आमचं बोलणं हिंदीत चाले.

"साब, आप असली पुलिस हो," तो म्हणाला.

"छब्बीस साल," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडायचं.

तीन महिन्यांनी स्टोअरमधून तांब्याच्या केबलचा एक ड्रम गायब झाला. ड्रम म्हणजे लाकडाचं मोठं चाक, त्यावर गुंडाळलेली केबल. ती खिशात घालून नेता येत नाही, म्हणजे तुकडे करून नेली असणार असं मी धरलं. इथे मला कुणाला अटक करायचा अधिकार नव्हता. मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं, "बाहर नहीं जाना चाहिए बात. आप ढूंढो, हम टिकट काटेंगे. खलास." म्हणजे सापडलेल्या माणसाचा व्हिसा रद्द करून त्याला घरी पाठवायचं. माझा प्रोबेशनचा काळ चालू होता. सव्वीस वर्षांचा अनुभव दाखवायची ही पहिलीच संधी.

खबर मेसच्या आचाऱ्याने दिली. तो विदर्भातला. पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता बोलला. खबरी बहुतेक असेच बोलतात.

"साहेब, ते बारा नंबर ब्लॉकमधले. एकाच गावचे चौदा जण आहेत. थंडीत दरवर्षी कॅम्पिंगला जातात तळ्यावर."

"जाऊ देत की. सुट्टी त्यांची."

"जाऊ द्या ना. पण गोणी कशाला लागते? तंबू समजला, भांडी समजली. गोणी एवढी जड की दोघं उचलतात. या रविवारी पुन्हा जाणार आहेत."

ते तळं मला ऐकून माहीत होतं. मुसफ्फ्यापासून बसने दीड तासावर, वाळूत अडवलेलं मोठं पाणी. मुलगी-जावई एकदा मोठा तंबू, शेगडी आणि घडीच्या खुर्च्या घेऊन गेले होते. मजुरांनी तिथे जावं, तेही गोणी घेऊन, हे मला पटलं नाही. हा विचार मनात आला याची आज लाज वाटते.

बुधवारी माणसं साइटवर असताना मी बारा नंबरच्या खोल्यांची झडती घेतली. खाटेखाली गोणी सापडली. उघडली तर आत दगड. तळहाताएवढे, चपटे, नदीतल्यासारखे गुळगुळीत, शंभरेक तरी असतील. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने एकेक खूण. कुठे झाड, कुठे गोल, कुठे नुसत्या तीन रेघा. एकावर दोन उभ्या रेघा आणि वर एक आडवी. ती मला गेटसारखी दिसली. स्टोअरला मागच्या बाजूने तसंच गेट होतं.

गडी पक्का सापडला असं वाटलं. माझ्या डोक्यात सगळी केस तयार झाली. केबल तोडायची, तळ्यावर वाळूत पुरायची, पुरल्या जागी खुणेचा दगड ठेवायचा. ज्या खाटेखाली गोणी होती तो माणूस फिटर. अठरा वर्षं याच कंपनीत, वय चाळिशीच्या अलीकडचं. संध्याकाळी त्याला मी ऑफिसात बोलावलं.

चौकशीची माझी एक पद्धत होती. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग आपण काहीच बोलायचं नाही. समोरच्याला शांतता सहन होत नाही. दहा मिनिटांत तो काहीतरी बोलतो, आणि जे पहिलं बोलतो त्यातच गोम असते. फिटर पाणी प्यायला, त्याने पेला उपडा ठेवला आणि तो गप्प बसला. पाऊण तास. शेवटी मलाच बोलावं लागलं.

"गोणी कुणाची?"

"माझी हाय."

"दगड कशाला?"

गप्प.

मी तो गेटचा दगड त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. "ही खूण कशाची?"

त्याने दगडाकडे बघितलं. हात पुढे केला आणि मागे घेतला. आरोपीचा हात असा मागे गेला की तपास बरोबर चाललाय, असं आम्ही समजायचो.

"बाकीचे तेरा जण यात आहेत का?"

"न्हाई." हे मात्र झटकन आलं. "कुणी न्हाई साहेब. माझं एकट्याचं हाय जे काय ते."

"म्हणजे कबूल आहे?"

"म्या चोरी केली न्हाई."

"मग दगड कशाचे ते सांग. सांगितलंस की विषय संपला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, हा मला जोखतोय. आज कळतं की तो हिशेब करत होता, एक बोललो तर चौदा जातील का. आणि माझ्या तोंडाकडे बघून त्याला उत्तर मिळालं. "काय नाव द्यायचं ते द्या साहेब," एवढंच तो म्हणाला.

मी रिपोर्ट लिहिला. 'संशयिताने समाधानकारक खुलासा केला नाही' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल. इंग्रजीत ते आणखी रुबाबदार दिसतं. मॅनेजरने त्याच दिवशी फाईल पुढे पाठवली. शनिवारचं तिकीट निघालं.

गुरुवारी दुपारी दुबईतल्या अल क्वोजच्या आमच्या दुसऱ्या साइटवरून स्टोअरकीपरला फोन आला. ड्रम तिथे होता. एका फोरमनने घाईत उचलून नेला होता, चलन लिहायचं राहिलं होतं. चोरी झालीच नव्हती. स्टोअरकीपर हे मला हसत हसत सांगायला आला. "हबीबी, मिल गया, टेन्शन नहीं." मी त्याला चहा दिला. मॅनेजरला मी सांगतो, तू सांगू नकोस, असंही म्हणालो.

आणि मी सांगितलं नाही.

हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. गुरुवार दुपार ते शनिवार दुपार, पूर्ण दोन दिवस माझ्या हातात होते. मॅनेजरच्या केबिनपर्यंत दोनदा गेलो. पहिल्यांदा तो फोनवर होता. दुसऱ्यांदा तो मोकळा होता. मी आत जाऊन कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीबद्दल बोललो आणि बाहेर आलो. पहिलाच तपास चुकला असं कसं सांगायचं? सव्वीस वर्षांचं काय झालं असतं? ड्रम मिळाल्याचं पुढच्या आठवड्यात सांगितलं, तेही 'रिकव्हर्ड' असा शब्द वापरून. माझं प्रोबेशन संपलं. पगारवाढही झाली.

शनिवारी फिटर गेटवर आला तेव्हा रजिस्टर माझ्यापुढे होतं. त्याने सही केली, वेळ घातली. बस चालवणारे चाचा त्याला विमानतळावर सोडणार होते. चाचा रत्नागिरीकडचे, कॅम्पातले सगळ्यात जुने. त्यांनी फिटरची बॅग स्वतः उचलून ठेवली. अठरा वर्षांची एक बॅग. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

गोणी मी बारा नंबरला परत केली. पण गेटचा दगड माझ्या टेबलाच्या खणात राहिला. मुद्देमाल सगळा परत द्यायचा हा पहिला नियम. माझ्याच हातून मोडला. कुणी मागायला आलं नाही.

खणातला तो दगड रोज दिसायचा. पेन काढताना दिसायचा, किल्ल्या काढताना दिसायचा. आणि का कोण जाणे, तो पाहिला की मला माझं पहिलं ठाणं आठवायचं. कमरेएवढ्या कुसळी गवताचा पठारी मुलूख. श्रावणात ते गवत वाऱ्याने एका अंगाला झुकायचं तेव्हा सबंध माळ चालत असल्यासारखा वाटायचा. इथे आल्यापासून मला घर तितकंसं आठवत नव्हतं. ते गवत आठवायचं. त्या माळाच्या मधोमध पुढे मोठं धरण झालं. आता गवतातून चालत गेलं की एकदम समुद्र लागल्यासारखं पाणी लागतं. पुण्याची माणसं तिथे तंबू ठोकून राहायला जातात, असं ऐकलंय.

एक वर्ष गेलं. पुन्हा थंडी आली. एका संध्याकाळी चाचा रजिस्टरवर सही करायला आले आणि पेन खाली ठेवेनात.

"साहेब, या रविवारी बारा नंबरवाल्यांना तळ्यावर न्यायचंय. एन्ट्री करून ठेवा. वर्षानुवर्षं मीच नेतो त्यांना. गोणीसकट."

"चाचा, त्या गोणीत काय आहे?"

"आता विचारताव?"

मी गप्प. माझीच पद्धत माझ्यावर आली होती.

"गाव हाय त्यात," चाचा म्हणाले. "त्यांचा गाव धरणात गेला. पौषात जत्रा असायची. तळ्यावर जातात, वाळूत गाव मांडतात. एक दगड म्हणजे एक घर. ज्या घराचं जे पाण्यात राहिलं ते त्यावर काढलेलं. मग निवद दाखवतात, जेवतात, गोणी भरून परत. मला तर ते सगळं गाव पाठ झालंय. मी मुसलमान, समुद्रावरचा, पण उद्या सोडलंत तर देवळापासून पाटलाच्या घरी डोळे मिटून जाईन."

"मग त्याने सांगितलं का नाही?"

"कसा सांगल? जमाव, पूजा, परवानगी नाही. सांगितला असता नि तुम्ही लिहिला असता, तर चौदाच्या चौदा घरी. तुम्ही लिहिणारे माणूस." चाचांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "येताव का बघायला? बशीत जागा हाय."

रविवारी मी गेलो. शर्टाच्या खिशात दगड होता. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "आज बंदोबस्त हाय वाटतं जत्रेला," आणि दोघं-तिघं हसले. मीही हसल्यासारखं केलं.

तळ्याच्या ज्या बाजूला मोठमोठ्या गाड्या आणि तंबू असतात ती सोडून चाचांनी बस लांब पलीकडे नेली. तिथे पाण्याच्या कडेला गवत होतं. राठ, कुसळासारखं, वाऱ्याने एका अंगाला झुकलेलं. मी उतरलो आणि जागीच उभा राहिलो. पलीकडे वाळूच्या टेकड्या नसत्या, तर मी माझ्या ठाण्याच्या हद्दीत उभा होतो. ही माणसं हीच जागा का निवडतात हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

त्यांच्यातला सगळ्यात मोठा, बांधकामाची परांची बांधणारा, त्याला सगळे मिस्त्री म्हणत. मिस्त्रीने आधी देऊळ ठेवलं. मग विहीर. "वरची आळी घ्या," तो म्हणाला, आणि एकेक जण गोणीतून दगड काढून आपापल्या जागी नेऊन ठेवू लागला. बोलणं चालूच होतं.

"अरे, तुझं घर रस्त्यात येतंय, बैलगाडी कुठून जायची?"

"तुझ्या बापानं अतिक्रमण केलं व्हतं, त्याला इचार."

"चुलत्याचं घर नीट ठिव, न्हायतर फोन करून शिव्या देईल."

मी बाजूला उभा होतो. देऊळ, समोर पार, डाव्या हाताला उताराला लागलेली विहीर, विहिरीपासून ओढ्याकडे जाणारी आळी. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं. हे गाव मी पाहिलं होतं. या देवळाच्या पायरीवर तीन दिवस बसलो होतो, अंगावर नवी कोरी वर्दी घालून. माझा पहिला बंदोबस्त. धरणाची घळभरणी होऊन नदी अडली होती, पाणी चढत होतं, आणि उरलेली घरं खाली करून घ्यायचा हुकूम होता. लोक कौलं उतरवत होते, वासे काढत होते, उखळं खणून काढत होते.

खालच्या आळीत एक माणूस दाराची चौकट काढत होता. सागवानी, भिंतीत पक्की बसलेली. ट्रक भरून तयार होता. तो म्हणाला, "साहेब, अर्धा तास द्या. आजानं घडीवलेली हाय." मी घड्याळात पाहिलं. वरून आलेल्या वेळेत बसवायचं होतं. मी म्हणालो, "आता बास. चला." त्याने पहार तिथेच टाकली. ट्रक हलला तेव्हा भिंत अर्धी पाडलेली आणि मधे चौकट तेवढी उभी. तिच्यातून पलीकडचा माळ दिसत होता.

दोन उभ्या रेघा आणि वर एक आडवी.

"खालची आळी," मिस्त्री म्हणाला. कुणी हललं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं त्या आळीत काय कमी आहे.

मी खिशातून दगड काढला. मिस्त्रीने हात पुढे केला. "द्या हिकडं."

"मी ठेवतो," मी म्हणालो.

विहिरीवरून खाली उतरलो. ओढ्याच्या बाजूने दोन घरांची जागा सोडली आणि तिसऱ्या जागी वाकून दगड ठेवला. उठलो तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते.

"साहेब," मिस्त्री हळू म्हणाला, "तुमाला जागा कुणी दावली?"

"मी आलो होतो गावात. खाली करायला."

वारा होता. मग मी चौकटीचं सांगितलं. आणि एकदा तोंड उघडलं म्हणून गुरुवारचंही सांगितलं, ड्रमचं, मॅनेजरच्या केबिनचं, सगळं. जबाब घेताना माणूस एका ठिकाणी थांबला की पुढचं काढणं कठीण जातं. म्हणून मी थांबलो नाही.

मिस्त्रीने शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याने फोन काढला. "दरवर्सी गावाकडं दावतो आमी," तो म्हणाला आणि व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर फिटर दिसला. मागे पत्र्याचं शेड, हातात पाना. मिस्त्रीने त्याला सगळं गाव फिरवून दाखवलं आणि शेवटी फोन खालच्या आळीवर धरला.

"आला व्हय दगड?" फिटरचा आवाज बदलला. "कुणी ठिवला?"

मिस्त्रीने फोन माझ्या हातात दिला.

मी त्याला जे सांगितलं ते वर लिहिलं आहेच. तो ऐकत होता. चौकशीच्या खोलीत होता तसाच. शेवटी मी म्हणालो, "मी उद्या मॅनेजरला लेखी देतो. तुला परत बोलावून घ्यायला लावतो."

"नगं. आता हितं बरं चाललंय. पंपदुरुस्ती करतो." त्याने हातातला पाना खाली ठेवला. "पन साहेब, हितं मला केबलचोर म्हनत्यात. तोंडावर न्हाई म्हनत. पोरीच्या लग्नाची बोलनी दोनदा मोडली. तुमी लिवून द्या. विंग्रजीत नगं, आमच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत वाचता येईल असं. छापून येईल असं."

"देतो. नाव घालू का तुझं?"

"नाव नगं. चौकटीचा दगड लिवा. गाव वळखंल."

मग तो म्हणाला, "आन दगड जरा फिरवा. आमचं दार वड्याकडं न्हवतं. उगवतीला व्हतं."

मी वाकलो. दगड फिरवला. "आजून जरा," तो म्हणाला. "आजून. हां."

चाचांनी हॉर्न वाजवला. सहाच्या आत कॅम्पात पोचायचा नियम मीच केला होता. "यल्ला, चला, साहेबांच्या रजिस्टरला उशीर होईल," कुणीतरी ओरडलं. अजून निवद व्हायचा होता. मी चाचांना हात केला आणि म्हणालो, "अर्धा तास थांबा." त्या दिवशी रजिस्टरमध्ये तेरा माणसांना उशीर झाला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'माझ्या सांगण्यावरून.'

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला लेखी दिलं. तो वैतागला. "अब क्यूं, साब?" असं दोनदा म्हणाला, पण त्याने फिटरच्या फाईलमधला माझा रिपोर्ट रद्द केल्याची नोंद घेतली. तिची प्रत मी वसाहतीत पाठवली. ती इंग्रजीत होती, म्हणून तिचा उपयोग झाला नाही. हा लेख लिहायला पुढची दोन वर्षं गेली, तो दोष माझा.

या केसने काय शिकवलं असं विचाराल, तर गप्प बसलेल्या माणसाबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं चूक होतं. गप्प बसणारा कधी कधी दुसऱ्या कुणाला तरी पाठीशी घालून बसलेला असतो. आणि कधी तो फिटर नसतोच. रजिस्टर पुढे घेऊन बसलेला इन्चार्ज असतो.

चौकटीच्या घरातल्या माणसाने केबल चोरली नाही. चोरी झालीच नव्हती, आणि हे मला तो विमानात बसण्याच्या दोन दिवस आधीपासून माहीत होतं. त्याच्या वडिलांनी माझ्याकडे अर्धा तास मागितला होता, तो मी दिला नाही, हेही खरं आहे.

हा माझा जबाब. मी स्वतः लिहिला, स्वतः वाचून पाहिला. बरोबर आहे.